जपान पाहून आलात? आता देवनार पाहून या

जून लागला, शाळा उघडल्या, की आमच्या स्टाफरूममध्ये आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक पाऊस आणि दुसरं जपान. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मध्यमवर्गाचं दुबई-सिंगापूर-बँकॉक करून झालं आहे. आता मे महिन्याच्या सुट्टीत जपान. केसरी, वीणा वर्ल्डसारख्या मराठी टूर कंपन्यांनी वाट सोपी करून दिली आहे. माणसं परत येतात ती फोटो घेऊन: आसाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, नाराची हरणं, क्योतोच्या डोंगरावरच्या लाल कमानी, शिराकावा-गोची गवती छपरांची घरं.

फोटोंविषयी माझी काही तक्रार नाही. आम्हीही गेलो होतो. नवरा-बायको दोघांच्या पगारातून, चार वर्षांच्या भिशीतून आणि नातेवाइकांच्या टोमण्यांतून वाट काढत गेलो. 'एवढ्या पैशात उमरा झाला असता' हे ऐकवणारे आपल्या घराघरात असतात. त्यांना एवढंच सांगते, की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असा आग्रह कुराणात पुन्हा पुन्हा येतो. फिरणं गुनाह नाही. फिरून आल्यावर डोळे मिटून बोलणं, हा माझा विषय आहे.

कारण फोटोंखाली जे वाक्य लिहिलं जातं, ते दर वर्षी तेच असतं. 'शिस्त आणि स्वच्छता जपानी माणसाच्या रक्तातच आहे. आपल्याकडे हे होणं नाही.' पुढच्या दोन मिनिटांत कुणीतरी पुरवणी जोडतो: 'आणि काही वस्त्या तर बघायलाच नकोत.' कुठल्या वस्त्या, हे सांगावं लागत नाही. गोवंडी, मालवणी, कुर्ला, जोगेश्वरी पूर्व. जपानचं कौतुक सुरू होतं टोकियोत आणि संपतं आमच्या मोहल्ल्यात.

आपल्या लोकांचं वाक्य वेगळं असतं. जुम्म्याच्या बयानात, लग्नाच्या दावतीत, कुठेही ऐका: 'जपानमध्ये मुसलमान दिसले नाहीत, पण इस्लाम दिसला. इथे मुसलमान दिसतात, इस्लाम दिसत नाही.' या धाटणीचं वाक्य इजिप्तचे विद्वान मुहम्मद अब्दुह यांच्या नावावर शंभरेक वर्षं फिरतं आहे, तेही युरोपविषयी. आता युरोप काढून जपान घातला, एवढंच. ऐकणारे मान डोलावतात, सुभानल्लाह म्हणतात आणि बिर्याणीकडे वळतात.

ही दोन्ही वाक्यं वरवर वेगळी आहेत. एक वंशाचं, एक ईमानाचं. पण दोन्ही एकच काम करतात. जी गोष्ट माणसांनी भांडून, कायदे करून, पैसे खर्चून उभी केली, ती स्वभावात ढकलून देतात. रक्तातच असेल तर आपण काही करायचं कारण नाही. ईमानच कमजोर असेल तर वॉर्ड ऑफिसात जाऊन काही विचारायचंही कारण नाही. बोलणारा सुटला, महापालिकाही सुटली. अडकली ती फक्त वस्ती.

रक्ताची गोष्ट खोटी आहे हे पाहायला जपानपर्यंत जावंच लागत नाही. अंधेरी स्टेशनवर उभे राहा. पश्चिम रेल्वेच्या लोकलमधून उतरणारा माणूस गाडी थांबायच्या आत उडी मारतो, खांद्याने वाट काढतो, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारतो. तोच माणूस पूल चढून मेट्रोत जातो. ८ जून २०१४ ला सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. तिथे तो तपासणीच्या रांगेत उभा राहतो, पिवळ्या रेषेच्या मागे थांबतो, पान थुंकत नाही. अर्ध्या तासात घाटकोपरला उतरतो आणि मध्य रेल्वेच्या फलाटावर पाय ठेवला की पुन्हा आधीचा होतो. या अर्ध्या तासात त्याचं रक्त बदललं का? गाड्या मिनिटामिनिटाला आहेत, दरवाजे बंद होतात, जिना सतत पुसला जातो, बघणारं कुणी आहे आणि दंड होतो. व्यवस्था बदलली, माणूस बदलला. व्यवस्था संपली, माणूस परतला.

आमच्या टूरमधली मंडळी सांगते. टोकियोत रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत. १९९५ च्या मार्चमध्ये भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर पुष्कळ डबे काढून टाकले गेले. त्यामुळे आमच्या ग्रुपमधले काका-काकू बिस्किटाचं रिकामं वेष्टण दिवसभर पर्समध्ये बाळगून संध्याकाळी हॉटेलात टाकत होते. कुणी सांगितलं नव्हतं. परत आलो, सहारला उतरलो, टॅक्सीत बसलो. पुलावर पोचायच्या आत पुढच्या टॅक्सीच्या खिडकीतून पाण्याची बाटली बाहेर आली. टॅक्सीत तेच काका-काकू होते. मुलुंडचे. ती बाटली गोवंडीच्या कुणा पोराने टाकली असती, तर रक्ताविषयी केवढा मोठा निबंध तयार झाला असता!

आता टोकियोकडे वळू. टूरमध्ये सगळे सुमिदा नदीतून बोटीने फिरतात. नदीवरच्या आतषबाजीचं वर्णन गाइड रंगवून सांगतो. ही आतषबाजी १९६२ ते १९७७ बंद होती, हे मात्र तो सांगत नाही. वाहतुकीची अडचण हे एक कारण. दुसरं कारण असं, की नदी इतकी घाण झाली होती की काठावर उभं राहवत नव्हतं. आपल्या मिठी नदीचीच बहीण म्हणा. तेव्हा काय, जपान्यांचं रक्त वेगळं होतं?

त्याच काळात टोकियोचा कचरा समुद्राकाठच्या कोतो वॉर्डात जाऊन पडत होता. १९५७ पासून तिथे एका भरावाच्या बेटावर कचरा ओतायला सुरुवात झाली. बेटाचं नाव युमेनोशिमा, म्हणजे स्वप्नांचं बेट. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या स्वप्नातून माश्यांचे थवे उठले आणि कोतोच्या शाळांत, घरांत घुसले. शेवटी कचऱ्याच्या डोंगराला आग लावून माश्या माराव्या लागल्या. सगळ्या शहराचा कचरा घेऊन रोज हजारो गाड्या कोतोच्या रस्त्यांवरून जायच्या, घाण पाणी गळत. आणि शहराच्या पश्चिमेला सुगिनामी नावाचा सुखवस्तू वॉर्ड होता. तिथे कचरा जाळण्याचा प्रकल्प उभारायचं ठरलं, तेव्हा तिथले रहिवासी म्हणाले, आमच्या दारात नको.

१९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनी जाहीर केलं, की आता हे कचऱ्याचं युद्ध आहे. शब्द त्यांचाच, युद्ध. १९७३ मध्ये कोतोचे वॉर्डप्रमुख आणि नगरसेवक स्वतः रस्त्यावर उतरले आणि सुगिनामीहून आलेल्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. सुगिनामीत कचरा साचू लागला. कोतोचं म्हणणं साधं होतं: तुमचा कचरा, तुमच्या वॉर्डात. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि १९८२ मध्ये सुगिनामीत प्रकल्प उभा राहिला. आज टोकियोच्या २३ वॉर्डांत कचरा जाळणारे वीसच्या आसपास प्रकल्प आहेत, तेही भर वस्तीत. इकेबुकुरोला खरेदीला गेला असाल तर २१० मीटर उंच पांढरी चिमणी दिसली असेल. ती कचऱ्याच्या भट्टीची आहे आणि त्या भट्टीच्या उष्णतेवर शेजारचा पोहण्याचा तलाव गरम होतो. ओसाकाला मुलांना युनिव्हर्सल स्टुडिओत नेलंत ना? तिथून जवळच, निळ्या-सोनेरी मनोऱ्याची, लहान मुलाने रंगवल्यासारखी इमारत दिसते. अनेकांना ती बागेचाच भाग वाटते. तोही कचरा जाळण्याचा प्रकल्प आहे, माइशिमाचा. त्याची रचना हुंडरटवासर या ऑस्ट्रियाच्या चित्रकाराची. आणि युमेनोशिमावर आज बाग आहे, मैदानं आहेत, ऑलिंपिकची तिरंदाजी तिथे झाली.

जपानच्या स्वच्छतेची जन्मकथा अशी आहे. तिच्यात रक्त नाही, भांडण आहे. गरीब वस्तीने श्रीमंत वस्तीला विचारलेला प्रश्न आहे: तुमची घाण आम्ही का सोसायची? आणि सरकारने तो प्रश्न ऐकला, एवढंच नवल.

आता हाच नकाशा मुंबईवर ठेवून बघा. देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली १९२७ मध्ये. सव्वाशे हेक्टरच्या आसपास जागा. बोरिवलीच्या गोराईचं डम्पिंग ग्राउंड २००७ मध्ये बंद झालं. मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झालं. मुलुंडकर आणि बोरिवलीकर लढले, त्यांचं अभिनंदन. दुर्गंधीत राहायची कुणावर वेळ येऊ नये. पण आपल्या दारातून उठलेला कचरा पुढे कुणाच्या दारात जाईल, हा प्रश्न विजयाच्या पेढ्यांबरोबर कुणी विचारला? आता शहराचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो आणि विक्रोळी-भांडुपचे लोक नाक दाबून आहेत. देवनारला येणारा कचरा घटला, पण जवळजवळ शंभर वर्षांचा डोंगर तिथेच उभा आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, धूर दिवसच्या दिवस राहिला, आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम पूर्व वॉर्ड सगळ्या वॉर्डांत तळाला होता.

त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतं? शहराने इतर ठिकाणांहून उठवलेली माणसं. झोपडी तुटलेले दलित, रोजगारासाठी आलेले लोक आणि मोठ्या संख्येने मुसलमान, ज्यांना १९९२-९३ नंतर चांगल्या सोसायटीत घर मिळणं आणखी अवघड झालं. म्हणजे आधी माणसं कचऱ्याजवळ नेऊन बसवली. मग अंधेरी-घाटकोपरचा कचरा शंभर वर्षं त्यांच्या उशाशी ओतला. आणि आता अंधेरी-घाटकोपरचा माणूस टोकियोहून येतो आणि म्हणतो, हे लोकच घाणेरडे. साहेब, तो डोंगर तुमचा आहे. तुमच्या आजोबांच्या आंब्याच्या कोयीसुद्धा त्यात आहेत.

याहून सोपी परीक्षा सांगते. २०१७ मध्ये महापालिकेने नियम केला, की वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी आपला ओला कचरा आवारातच जिरवायचा. कोतोवाले जे मागत होते त्याचंच हे लहान रूप होतं. काही सोसायट्यांनी मनापासून केलं, त्यांना सलाम. पण बाकीच्या मोठमोठ्या टॉवरवाल्यांनी काय केलं? जागा नाही, वास येतो, खर्च येतो, मुदतवाढ द्या. म्हणजे मुलुंड-अंधेरीतही सुगिनामी आहेच. फरक एवढा, की गोवंडीच्या बाजूने गाड्या अडवायला कुणी वॉर्डप्रमुख उतरला नाही. उतरणार कोण? मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं या शहरात नगरसेवकच नव्हते.

आता माझ्या धंद्याचं बोलते. जपानच्या शाळांत मुलं स्वतः वर्ग झाडतात, फडक्याने फरशी पुसतात, संडास धुतात, हे कौतुकाने सांगितलं जातं. व्हिडिओही फिरतो. आणि मग पालक-सभेत हेच लोक आम्हा शिक्षकांना विचारतात, आपल्या शाळेत असं का नाही?

कारण आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे शतकानुशतकं ठरलेलं आहे. मुलांना झाडू द्या असं म्हणताच वर्गातली कुठली मुलं उठवली जातात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. अमुक आडनावाची, अमुक वस्तीची. म्हणून आपल्याकडे मुलांनी संडास धुतल्याची बातमी छापून येते आणि ती यायलाच हवी, कारण बहुतेक वेळा ती शिक्षणाची नसते, जातीची असते. जपानमध्ये ही गोष्ट चालते, कारण तिथे प्राथमिक वयाची जवळपास सगळी मुलं आपल्या गल्लीतल्या सरकारी शाळेत जातात. डॉक्टरचा मुलगा आणि ट्रक ड्रायव्हरची मुलगी एकच बादली उचलतात. दुपारचं जेवण पाळीपाळीने एकमेकांना वाढतात, शिक्षकही तेच जेवतात. ताकायामात बसच्या खिडकीतून आम्हाला पिवळ्या टोप्या घातलेली पहिली-दुसरीची पोरं दिसली, आईबापांशिवाय चालत शाळेत निघालेली. बसमधल्या सगळ्या आया हळहळल्या, किती गोड! त्या चालू शकतात कारण शाळा चालण्याच्या अंतरावर आहे आणि गल्लीतली सगळी त्याच शाळेची आहेत. आपण तीन वर्षांच्या पोराला फीच्या आकड्यानुसार चाळणीत घालतो, व्हॅनमध्ये कोंबतो आणि मग जपानी मुलाच्या स्वावलंबनाचं स्टेटस ठेवतो.

आणखी एक गोष्ट. ती पोरं सगळं जपानीत शिकतात. शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान शिक्षणाधिकारी हेच पाहायला मुद्दाम जपानला गेले होते. सर सय्यद यांचे नातू, रॉस मसूद. ते हैदराबाद संस्थानचे शिक्षण संचालक होते, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९२२ मध्ये ते गेले, १९२३ मध्ये त्यांचं जपानच्या शिक्षणव्यवस्थेवरचं पुस्तक आलं. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ नुकतंच उर्दूतून सुरू झालं होतं आणि आपल्या भाषेतून विज्ञान शिकवता येतं का, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. असा प्रश्न सोबत घेऊन गेलं की प्रवासात काहीतरी दिसतं. आम्ही मात्र मराठी आणि उर्दू शाळांचे वर्ग ओस पडताना बघतो, आपली मुलं इंग्रजी शाळेत घालतो आणि क्योतोत उभं राहून म्हणतो, भाषेचा अभिमान असावा तर असा.

आणि श्रमाचं शिक्षण ही काही जपानची मक्तेदारी नाही. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तन करायचे. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने हाताने काम करत शिकण्याची योजना ठरली, तिच्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. एक विदर्भातला परीट, एक जामियाचा मुसलमान शिक्षक. दोघेही आपलेच, दोघेही मराठी मुलखात काम करून गेलेले. आपण त्यांचे पुतळे केले आणि झाडू पुन्हा जुन्याच हातात दिला.

आता 'इस्लाम दिसला' म्हणणाऱ्या आपल्या लोकांकडे येते. जपानी माणूस प्रामाणिक आहे, हरवलेलं पाकीट परत मिळतं, सगळं खरं. पण तिथे राहणाऱ्या मुसलमानाला विचारा. मेल्यावर दफन व्हायला जागा मिळवणं त्याला किती अवघड आहे. जपानमध्ये जवळपास सगळ्यांचं दहन होतं. ओइता प्रांतातल्या हिजी नावाच्या गावात कब्रस्तानाच्या जागेवरून कित्येक वर्षं वाद चालला, स्थानिकांना भूजल दूषित होण्याची भीती वाटली. ते वाईट लोक आहेत असं नाही. पण तो इस्लाम नव्हे आणि जन्नतही नव्हे. आपल्यासारखाच, शेजाऱ्याला घाबरणाऱ्या माणसांचा तो देश आहे.

त्याही देशात 'त्या वस्त्या' आहेत. कातडी कमावणारे, जनावरं कापणारे, अशा धंद्यांमुळे अपवित्र ठरवलेल्या लोकांना तिथे बुराकुमिन म्हणतात. १८७१ मध्ये कायद्याने त्यांचा दर्जा बरोबरीचा झाला, पण शंभर वर्षांनंतर, १९७५ मध्ये, त्यांच्या वस्त्यांची गुप्त यादी कंपन्यांना विकली जात असल्याचं उघडकीला आलं, नोकरीत त्यांना गाळता यावं म्हणून. टोकियोच्या शिनागावा स्टेशनजवळच शहराचा कत्तलखाना आहे. तिथल्या कामगारांना अजूनही द्वेषाची पत्रं येतात आणि त्यांनी ती तिथल्या माहिती केंद्रात सगळ्यांना वाचायला लावून ठेवली आहेत. आपल्याकडे वांद्र्याचा कत्तलखाना १९७१ मध्ये देवनारला हलवला. कचरा तिथे, कत्तलखाना तिथे, माणसंही तिथे. मटण मात्र सगळ्या शहराला हवं. कुरेशी, खाटीक बिरादरीच्या वाचकांना हे जास्त सांगायला नको. पण एक फरक सांगते. १९६९ पासून जपानी सरकारने खास कायदा करून तीसेक वर्षं त्या वस्त्यांत घरं, रस्ते, गटारं यांवर पैसा ओतला. द्वेष संपला नाही, पण गटारं झाली. आम्हाला आधी प्रवचन मिळतं, गटाराचं नंतर बघू.

गावांचंही असंच. शिराकावा-गोची घरं पाहताना गाइड सांगतो, छप्पर शाकारायला सगळं गाव एकत्र येतं, त्याला 'युइ' म्हणतात. बसमधून आवाज, बघा, यांच्या रक्तातच एकी! अहो, आपल्या शेतकऱ्यांकडे इर्जिक काय होतं? सावड काय होती? आमच्या रत्नागिरीकडच्या गावात जमात अजून विहिरीचा हिशेब ठेवते, मय्यतीला घराघरातून माणूस काढते. त्या जपानी शेतांत मे महिन्यात भाताची लावणी चालली होती आणि वाकलेली माणसं सगळी सत्तरीच्या आसपासची. तरुण शहरात गेलेले, घरं बंद. पर्यटकाला जी शांतता वाटते ती गावकऱ्यासाठी रिकामपण आहे. आखाती पैशातून बांधलेले आणि कुलूप लावलेले बंगले ज्याच्या गावात आहेत, त्या कोकणी माणसाला तरी हे कळायला हवं.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही आपल्या लोकांसाठी बहाणे शोधता. मुळीच नाही. बहाणा तो असतो जो काम टाळतो. मी काम सांगते आहे.

आपल्या मशिदी आतून आरशासारख्या असतात. दिवसातून पाच वेळा पाय धुऊन आत जाणारी कौम आहे ही. पण बाहेरच्या पायरीखाली गटार तुंबलेलं असतं आणि ते ओलांडून जायची आपल्याला सवय झाली आहे. तहारत मशिदीच्या उंबरठ्यावर संपते, असं कुठे लिहिलं आहे? ट्रस्टींनी संगमरवर बदलण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. वुजूचं पाणी टाकीत साठवून झाडांना आणि रस्ता धुवायला वापरावं. आणि मोहल्ल्याचा ओला कचरा वेगळा करण्याची जबाबदारी जमातीने घ्यावी. बकरी ईदच्या दिवशी संध्याकाळपर्यंत गल्ली धुतलेली दिसली पाहिजे, पालिकेची गाडी येवो न येवो. आणि इमामसाहेबांनी 'आपण जपान्यांपेक्षा वाईट' हे बयान बंद करून पुढच्या जुम्म्याला एवढंच सांगावं, की उद्या अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात गटाराच्या अर्जावर सह्या घेऊन पन्नास जण जायचे आहेत. कोतोच्या लोकांनी हेच केलं होतं. त्यांनी आपल्या रक्ताची चौकशी केली नाही, गाड्यांचा हिशेब मागितला.

आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या माझ्या शेजाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती. जपानचे फोटो जरूर टाका. पण त्याआधी आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, आपला ओला कचरा कुठे जातो? गाडी कुठे रिकामी होते? उत्तर मिळालं की एका रविवारी तिथे जाऊन या. व्हिसा लागत नाही. कुर्ल्याहून हार्बरची लोकल पकडा, गोवंडीला उतरा, रिक्षा करा. मुलांनाही न्या. त्यांना दाखवा की आपण फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी शाळेच्या खिडकीसमोर जाऊन पडते. जपान्यांनी हे एकमेकांना भांडून शिकवलं. तेवढं भांडण करायची तयारी असेल तर जपानचं नाव घ्या. नसेल तर निदान त्या नावाची काठी करून आमच्या मुलांच्या पाठीत घालू नका.